मुलग्यांच्या हातातही सुई

पालकहो, कार्यानुभवाच्या तासाला मुलग्यांना सुई दिली की एखाद्या घरून निरोप येतोच, "हे मुलींचं काम." माझं मत स्पष्ट आहे, चौथीतल्या प्रत्येकाला धावदोरा यायलाच हवा.

गोधडीचंच बघा. जुन्या नऊवारीचे चार सारखे थर करा, एकेक थर सव्वादोन वारांचा. झाला की अपूर्णांक! (फळ्यावर यालाच दोन दिवस जातात.) थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत जायचं. दोन ओळींत अंतर सारखं ठेवताना नजर बसते, कोपऱ्यावर दोरा वळवताना काटकोन कळतो. मुलांना अख्खी गोधडी नको, फूटभर चौकोन आणि मोठ्या नेढ्याची सुई पुरे. पहिली ओळ वाकडी येणारच, ती उसवायला लावू नका.

"मशीनवर दहा मिनिटांत होतं," म्हणाल. होतं ना! पण मग बोटं काय शिकली?

सुई-दोरा शाळेतून देतो. जुनी सुती साडी तेवढी पाठवा. आणि घरात गोधडी शिवणारी आजी असेल तर तिलाही. टाका कसा घालायचा ते ती माझ्यापेक्षा चांगलं दाखवेल.