आबाजी आणि घाटातली नाली

परतवाडा सुटून घाट लागला, की आमच्या गाडीत एक ठरलेला सीन व्हायचा. आम्ही नातवंडं गाण्यांचा आवाज वाढवायचो आणि आबाजी तो कमी करून म्हणायचे, "दरी मंग पाय बाबू. आंधी डोंगराकडची नाली पाय."

नाली! चिखलदऱ्याला निघालेल्या पब्लिकला कुणी नाली दाखवतं का? पण आबाजी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्करातले इंजिनीअर. त्यांचं म्हणणं, घाटातला रस्ता ट्रकपेक्षा पाण्यानं जातो. डोंगरावरचं पाणी नालीतून मोरीत आणि मोरीतून दरीत गेलं पाहिजे. नाली तुंबली की तेच पाणी रस्त्यावरून वाहतं, दरीकडची कड पोखरतं आणि एखाद्या पावसाळ्यात ती कडच खाली बसते.

गाविलगडावरही तेच. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला भोसल्यांकडून घेतला. आम्ही वेलस्लीचं नाव घ्यायचो, आबाजी स्टीव्हनसनच्या फौजेचं. जड तोफा उत्तरेच्या बाजूला न्यायच्या, तर रस्ताच नाही! मग त्यांनी डोंगरातून स्वतः रस्ता केला, कित्येक दिवस तोफा ओढल्या आणि १५ तारखेला किल्ला पडला. "किल्ला कोनं घेतला ते समद्याइले मालूम. रस्ता कोनं केला ते कोनी पुसत नाई."

(आमच्या ऑफिसातही वेगळं काय आहे? प्रॉडक्ट लाँच झालं की केक कापणाऱ्यांचे फोटो. रात्रभर सर्व्हर सांभाळणारा पोरगा फोटोत नसतो.)

त्यांचे हीरो होते रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचेच. ८ एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाडे अडकलेले, पुढे सुरुंग पेरलेले. काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते ११ तारखेपर्यंत रस्ता मोकळा करत राहिले. सुरुंग काढायचे, आडवी टाकलेली झाडं हटवायची, डोक्यावर गोळ्या. परमवीरचक्र मिळालं. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये पुण्यात गेले. गोष्ट संपली की आबाजी एवढंच म्हणायचे, "हातात बंदूक नाई, सुरुंग होता बाप्पा."

ही गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेल. 'आणि आबाजी, तुम्ही?' हे मात्र कधी विचारलं नाही. पहिला पाऊस पडला की त्यांचा पुण्याला फोन यायचा, घाटाची खबर द्यायला. मी बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असायचो. 'नंतर करतो' म्हणायचो. कितीदा केला? मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

आबाजी गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला निघालो. गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. एका वळणावर पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि काही न बोलता उतरले. नालीत सागाची पानं, चिप्सची पाकिटं, एक बिसलेरीची बाटली. बाबांनी काठी शोधली, मी सरळ हात घातला. मागे गाड्यांची लाइन लागली, कुणीतरी हॉर्नवरून हात काढेना.

पाणी मोरीकडे वळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.