ताईत केवळ मृतांसाठी नव्हते

मा. संपादक,


प्राचीन इजिप्तमधले ताईत म्हणजे पुरोहितांनी मृतांच्या नातलगांच्या गळ्यात मारलेला माल, हे आपल्या लेखातलं विधान एकांगी आहे. ममीच्या पट्ट्यांत ताईत ठेवत, हे खरं. पण जिवंत माणसंही ते वापरत. फॅरो अखेनातेनने एकट्या आतेन या सूर्यदेवाची उपासना लादली; तरी त्याच्याच राजधानीत, अमार्नाच्या घरांत, बेस आणि तावेरेत यांचे चकाकी दिलेल्या फायन्सचे चिमुकले ताईत सापडले. बाळंतिणीला आणि तान्ह्याला जपणाऱ्या या देवता. पुढे तर देवाचं अभयवचन लिहिलेली पपायरसची गुंडाळी नळीत घालून मुलांच्या गळ्यात बांधत. ताइताशिवायही माणूस देवतेशी थेट बोले: देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातल्या नेफराबूने मेरेतसेगर देवीचा केलेला अपराध शिळेवर कोरून कबूल केला, तिने बरं केल्याचंही नोंदवलं. यात पुरोहिताची दलाली कुठे दिसते, ते लेखकाने दाखवावं.

आपला,
एक वाचक, पुणे