रानात मांडलेलं बिऱ्हाड

चौदा रुपये, एक लंगडी गाय, चार कुत्री, सहा कुष्ठरोगी, नवरा-बायको आणि चार वर्षांच्या आतली दोन मुलं. १९५१ सालच्या उन्हाळ्यात वरोऱ्याबाहेरच्या माळावर एवढं बिऱ्हाड उतरलं. सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन नावालाच जमीन होती. सगळीकडे दगड नि काटेरी झुडपं, आणि पाण्याचा पत्ता नाही. दिवसा पायाखाली विंचू-साप, रात्री झोपडीभोवती वाघाचा वावर. चारही कुत्री वाघाने नेली.

या बिऱ्हाडाचे कर्ते होते मुरलीधर देविदास आमटे, वय छत्तीस. ‘बाबा’ हे त्यांचं लहानपणापासूनचं घरातलं लाडाचं नाव. पुढे देशभर तेच रूढ झालं आणि अनेकांना ते साधू-संताचं बिरुद वाटू लागलं. पण बाबा आमटे आधी संसारी माणूस होते, कष्टकरी होते आणि रानवेडे होते. त्यांच्या पुरस्कारांची यादी सगळ्यांना ठाऊक असते. रान, राबणं आणि घर या तिन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर एकाच दाव्याला कशा बांधल्या, ते मात्र कमी सांगितलं जातं.

रानाचं वेड तर पोरवयापासूनचं. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. वडील सरकारी महसूल खात्यात, वरोऱ्याजवळ वडिलोपार्जित शेती, घरात कशाचीच ददात नाही. मिसरूड फुटण्याआधीच मुलाच्या हातात स्वतःची बंदूक आली आणि चांदा जिल्ह्याच्या जंगलात रानडुकरं, हरणं यांच्या मागे फिरणं सुरू झालं. पुढे दारात सिंगर कंपनीची स्पोर्ट्‌स गाडी आली, तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं. सिनेमाचं वेड इतकं, की इंग्रजी नियतकालिकात ते चित्रपटांची परीक्षणं लिहीत आणि हॉलिवूडच्या नायिकांशी पत्रव्यवहार करीत. कायद्याची पदवी घेऊन वरोऱ्यात वकिलीही जमवली. रानात हुंदडताना मात्र त्यांनी आणखी काही पाहिलं. ज्यांच्या जिवावर शिकार होई ते माडिया-गोंड हाकारे अर्धपोटी होते. बांधावरची माणसं राबत होती आणि मालक सावलीत बसून हिशेब करत होते.

वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले, तेव्हा मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांनी त्यांना सरळ प्रश्न केला: आमचं काम एकदा करून बघाल का? बाबांनी पाटी उचलली आणि सुमारे नऊ महिने डोक्यावरून मैला वाहिला. दुसऱ्याला सांगण्याआधी काम आपल्या अंगावर घ्यायचं, ही त्यांची रीत इथे पक्की झाली. त्या कामातच, एका पावसाळी संध्याकाळी, गटाराकडेला बोटं झडलेला, अंगात किडे पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. वाघाला न घाबरणारा माणूस भीतीने घरी पळाला. पळालो याची बोच मात्र सुटेना. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा उभा केला आणि अखेरच्या क्षणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. तिथे प्रयोगासाठी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घ्यायलाही ते तयार झाले होते.

या सगळ्यात घर कुठे होतं? घर बरोबरच होतं. लग्नापूर्वी बाबा दाढी-जटा वाढवून विरक्तीच्या वाटेला लागले होते. नागपूरला एका लग्नघरी त्यांना इंदू घुले दिसल्या. घरातले सगळे मंगलकार्यात गुंतलेले असताना ही मुलगी सगळ्यांच्या नजरा चुकवून म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती. त्या एका दृश्यावर बाबांचा संन्यास संपला. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं आणि सोवळ्या-ओवळ्याच्या घुले घराण्यातली इंदू ‘साधना’ झाली. १९४७ मध्ये विकास आणि १९४८ मध्ये प्रकाश यांचा जन्म झाला. तीन वर्षांनी आई-वडील दोन्ही मुलांना घेऊन त्या माळावर राहायला गेले. २१ जून १९५१ रोजी विनोबा भावे यांच्या हस्ते त्या माळावरच्या वसाहतीचं, म्हणजे आनंदवनाचं, उद्घाटन झालं.

त्या काळात कुष्ठरोगी म्हटलं की सख्खे लोक दार लावून घेत. डॅप्सोन हे औषध तेव्हा वापरात आलं होतं. रोग बरा होई, पण बरा झालेला माणूस घरी परत घेतला जात नसे. म्हणून दवाखान्यापेक्षा गावाची गरज मोठी होती, आणि गाव उभं करायचं तर आधी पाणी हवं. वैशाखाच्या उन्हात बाबा आणि ते सहा जण विहीर खणायला लागले. या रोगात हाताची संवेदना जाते. कुदळीच्या दांड्याने आलेला फोड दुखत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो आणि चिघळतो. त्यामुळे दिवसभर खणायचं आणि संध्याकाळी प्रत्येकाचे तळहात-तळपाय तपासून पट्ट्या बांधायच्या, असा नेम पडला. साधनाताई सगळ्यांचा स्वयंपाक करत, गाय सांभाळत, लेकरं सांभाळत. मुलं रुग्णांच्याच अंगाखांद्यावर वाढली.

पाणी लागलं, भाजी पिकली. वरोऱ्याच्या बाजारात ती कुणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात राहायला आले. ते रुग्णांसोबत राबले आणि त्यांनी इमारती उभ्या केल्या. परदेशी पोरं तिथलं अन्न खातात, त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं आणि मगच आनंदवनाची भाजी विकली जाऊ लागली. १९६०च्या दशकात या माणसांनी वरोऱ्यातल्या धडधाकट मुलांसाठी आनंदनिकेतन महाविद्यालय उभारलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं होतं, त्यांनी गावाच्या पोरांना कॉलेज दिलं. बाबांच्या कामातली ही घटना वरोऱ्याच्या प्रत्येक घरात सांगितली जायला हवी.

आज मोहर्लीच्या गेटमधून ताडोबात जाणाऱ्या पर्यटकाला हे माहीत नसतं, की या जंगलाच्या पश्चिमेला वरोरा आहे, पूर्वेला मूल तालुका आहे आणि दोन्हीकडे याच कुटुंबाने माळ नि रान लागवडीखाली आणलं. मूलजवळ सोमनाथला १९६७ पासून बाबांनी दुसरी वसाहत वसवली. धानाच्या बांध्या घातल्या, तळी खोदली. आनंदवनातून आलेल्या बऱ्या झालेल्या रुग्णांनी तिथे शेती केली. तिथेच मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. ऐन विदर्भी उन्हात राज्यभरातली शहरी मुलं सकाळी कुदळ-फावडं हाती घेत आणि दुपारी-संध्याकाळी चर्चा-गाणी चालत. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या आयुष्याला या छावणीने वळण लावलं.

मोहर्लीसारख्या गावात हा माणूस परका वाटत नाही, याचं कारण साधं आहे. इथला घरकर्ता पहाटे जिप्सी घेऊन किंवा गाइड म्हणून रानात शिरतो. उन्हाळ्यात बायको-पोरांसह मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जातो. संध्याकाळी तो सुखरूप परतला की घर निश्चिंत होतं. रानाचं प्रेम आणि रानाचं भय त्याच्या घरात एकाच चुलीशी बसलेलं असतं. बाबांनीही हेच जगणं निवडलं. त्यांना ते निवडावं लागलं नव्हतं, एवढाच फरक.

१९७०च्या सुमारास बाबा मुलांना सहलीला म्हणून भामरागडला घेऊन गेले. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा तिथला संगम त्यांचा आवडता. पण त्यांनी मुलांना नुसता संगम दाखवला नाही. बाहेरच्या माणसाला पाहून पळणारे, मलेरियाने आणि उपासमारीने खंगलेले माडिया दाखवले. इथे काम सुरू करायचं आहे, असं बाबांनी बोलून दाखवलं. साठीकडे झुकलेल्या, पाठीच्या दुखण्याने जेरीला आलेल्या वडिलांकडे बघून प्रकाशने सांगितलं, मी येईन. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. नागपुरातलं शल्यचिकित्सेचं पदव्युत्तर शिक्षण सोडून डॉ. प्रकाश आणि त्यांच्या भूलतज्ज्ञ पत्नी डॉ. मंदाकिनी त्या रानात राहायला गेले. विकास आणि त्यांच्या पत्नी डॉ. भारती आनंदवनात राहिले. दोन्ही मुलांनी आणि सुनांनी उमेदीची वर्षं या कामाला दिली.

यात घराने सोसलं ते झाकायचं कारण नाही. ‘समिधा’ या आपल्या आत्मकथनात साधनाताईंनी ते स्वच्छ लिहून ठेवलं आहे. निर्णय बहुधा बाबांचे असत आणि ते निभावण्याचा भार बाईवर पडे. शेकडो माणसांच्या संसारात स्वतःच्या संसाराला वेगळी खोली फारशी मिळाली नाही. पण त्या पुस्तकात तक्रारीचा सूर नाही, बरोबरीच्या भागीदाराचा आहे. बाबा कष्ट सांगण्याआधी स्वतः करत, म्हणूनच ही भागीदारी टिकली असावी.

पाठीच्या कण्याच्या विकाराने पुढे बाबांचं बसणं कायमचं संपलं. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, मधलं काही नाही. त्याच अवस्थेत डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. तरुण-तरुणी सायकलींवर, बाबा बसमध्ये आडवे. त्याआधी इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध गडचिरोलीच्या आदिवासींना घेऊन ते रस्त्यावर उतरले होते. १९९० मध्ये पंचाहत्तरी उलटून गेल्यावर त्यांनी भरलं आनंदवन सोडलं आणि नर्मदाकाठी कसरावदला झोपडी बांधली. साधनाताई सोबत होत्याच. दशकभर दोघं तिथे राहिले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांना पुरलं. जुलै २०११ मध्ये साधनाताईही गेल्या. हेमलकशाच्या दवाखान्यात आता त्यांचे नातू डॉ. दिगंत आणि नातसून डॉ. अनघा रुग्ण तपासतात, आणि दिगंत यांचे बंधू अनिकेत प्रकल्पाचा बाकीचा व्याप सांभाळतात. भामरागडच नव्हे, पलीकडे छत्तीसगडच्या गावांतूनही आजारी माणसं नदी ओलांडून तिथे येतात.