थेरपिस्टची जात नव्हे, जातीची जाण तपासा



रक्तदाब वाढला तर आपला कार्यकर्ता चारचौघांत सांगतो. साखर वाढली तर बिनसाखरेचा चहा मागतो. पण रात्री तीन वाजता छातीत धडधडून जाग येते, गर्दीच्या बसमध्ये श्वास अडकतो, मुलाखतीच्या आठवडाभर आधी पोटात गोळा येऊन अन्न जात नाही, हे मात्र तो कोणालाच सांगत नाही. डॉक्टर याला चिंताविकार म्हणतात, तरुण मुले अँग्झायटी म्हणतात. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ते घेणे हा आपला हक्क आहे, आणि ते घेताना जात दाराबाहेर काढून ठेवण्याची अट आपण मान्य करता कामा नये, एवढेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे.

पुण्याच्या वस्त्यांमध्ये आणि सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या मुलामुलींसोबत काम करताना आम्हाला दोन सल्ले सतत ऐकू येतात. पहिला सल्ला चळवळीतून येतो : "बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला काय झाले?" हा सल्ला देणाऱ्यांनी बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत. 1926 मध्ये राजरत्न गेला, तेव्हा दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले दुःख लपवले नाही. आपण मोडून गेलो आहोत हे एका मित्राला सांगणारा माणूस दुबळा नव्हता. त्यानंतर वर्षभरात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. मग दुःख सांगण्याची लाज कुठून आली? ती आपली नाही. "मर्दासारखा राहा" ही सरंजामी शिकवण आपल्या घरात शिरली आहे, एवढेच.

दुसरा सल्ला असतो, "विपश्यनेला जाऊन ये." ध्यानाचा फायदा अनेकांना होतो, त्याबद्दल वाद नाही. पण विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच म्हटले आहे की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया असल्याचे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मांडले आहे. जो धम्म कारण शोधायला सांगतो, त्याच्या अनुयायाने डॉक्टरकडे जायला का लाजावे?

काही साथी वेगळा आक्षेप घेतात. ते म्हणतात, आजार व्यवस्थेचा आहे, थेरपी मात्र तो माणसाच्या डोक्यात असल्याचे सांगते आणि लढा थंड करते. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. वस्तीत दूषित पाण्याने ताप आला तर आपण महापालिकेवर मोर्चा काढतो आणि तापाचे औषधही घेतो. औषध घेतले म्हणून मोर्चा रद्द होत नाही. उलट ताप उतरला तरच मोर्चात चालता येते.

आता खरा प्रश्न : कोणत्या थेरपिस्टकडे जायचे?

चिंताविकारावर सर्वाधिक वापरली जाणारी बोलण्याची उपचारपद्धती म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. तिची रीत साधारण अशी असते. मनात आलेला भीतीचा विचार कागदावर मांडायचा, त्याला पुरावा काय आहे ते तपासायचे, पुरावा नसेल तर विचार बदलायचा आणि ज्याची भीती वाटते ते टाळण्याऐवजी हळूहळू त्याला सामोरे जायचे. ही पद्धत उपयोगी आहे. पण आपल्या मुलाच्या मनातला विचार काय असतो? "आडनाव कळले की यांचा चेहरा बदलतो." आता याचा पुरावा तपासा. पुण्यात भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारले गेलेले असते. मेसमध्ये "कोट्यातला" हा शब्द कानावर पडलेला असतो. म्हणजे पुरावा आहेच! अशा वेळी जातीचे भान नसलेला थेरपिस्ट काय म्हणतो? आमच्यासोबत काम करणाऱ्या एका तरुणीला पहिल्याच भेटीत ऐकावे लागले, "आता कुठे राहिली आहे जात? तुम्ही फार विचार करता." ती दुसऱ्या भेटीला गेली नाही. पुढचे वर्षभर ती कोणाकडेच गेली नाही.

जाणकार थेरपिस्ट इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. अपमान खरा होता, हे तो आधी मान्य करतो. मग तो पाहतो की त्या खऱ्या अपमानामुळे शरीराची धोक्याची घंटा आता सगळीकडेच वाजू लागली आहे का : मैत्रिणीच्या घरी, ग्रंथालयात, जिथे धोका नाही तिथेसुद्धा. उपचार त्या घंटेवर करायचा असतो, आठवण खोटी ठरवून नव्हे.

म्हणून आम्ही सांगतो, थेरपिस्टची जात विचारू नका, जातीची जाण तपासा. आपल्या समाजातला थेरपिस्ट मिळाला तर चांगलेच, पण असे लोक आज मोजके आहेत आणि केवळ जन्माने जाण येते असेही नाही. पहिल्या भेटीत, किंवा त्याआधी फोनवर, सरळ विचारा : जातीच्या अनुभवांबद्दल बोलणाऱ्या लोकांसोबत तुम्ही काम केले आहे का? आरक्षणाबद्दल तुमचे मत काय? तुमचे शिक्षण आणि नोंदणी काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहून देतो. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लावली जाते. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच तुमचे उत्तर. एक थेरपिस्ट पटला नाही म्हणून उपचारच सोडू नका, थेरपिस्ट बदला.

पैशांचा प्रश्न मोठा आहे. खासगी थेरपीच्या एका तासाला हजार-दीड हजार रुपये द्यावे लागतात, आणि एवढ्यात आपल्या घरचा महिन्याचा किराणा अर्धा भरतो. म्हणून सरकारी व्यवस्था वापरा. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे गेले म्हणजे भरती करतात, ही भीती काढून टाका. गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, हे खरे आहे. तरीही निदान आणि औषध तिथे मिळू शकते, आणि सायकॉलॉजिस्टची भेट आग्रहाने मागता येते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक, तो दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. मनात जीव देण्याचा विचार येत असेल तर थांबू नका, आत्ताच फोन करा आणि जवळच्या एका माणसाला सांगा.

हे सगळे उपकार म्हणून मागायचे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 18 नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती देताना भेदभाव करता येणार नाही अशा कारणांत 'जात' हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. प्रत्यक्षात काय आहे? निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या 80 टक्क्यांहून अधिक लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्यात आपली वस्ती कुठे उभी असेल, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

वस्तीत हे काम होऊच शकत नाही, असेही नाही. भार्गवी दावर यांनी 1999 मध्ये पुण्यात बापू ट्रस्ट सुरू केला. या संस्थेने शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम उभे केले. देशपातळीवर 'द ब्लू डॉन' सारखा दलित-बहुजनांचा गट हा विषय आपल्या भाषेत मांडतो आहे. मग आपले विहार काय करत आहेत? 14 एप्रिलच्या डीजेला वर्गणी जमते, दोन मुलांच्या थेरपीला जमणार नाही?

रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. डॉ. पायल तडवी 22 मे 2019 ला गेली. दोन्ही वेळी आपण रस्त्यावर उतरलो आणि हा संस्थात्मक खून आहे असे म्हणालो. ते म्हणणे बरोबरच होते. पण आज जिवंत असलेल्या, अभ्यासिकेच्या कोपऱ्यात हात थरथरत बसलेल्या मुलासोबत ससूनच्या रांगेत उभे राहायला आपल्यातले किती जण तयार आहेत?

प्रत्येक विहाराने आणि अभ्यासिकेने एवढे तरी करावे : आपण स्वतः प्रश्न विचारून पारखलेल्या तीन-चार थेरपिस्टची यादी ठेवावी, महिन्याच्या वर्गणीतून छोटा निधी बाजूला काढावा आणि पहिल्या भेटीला सोबत जाणारी दोन माणसे नेमावीत, एक स्त्री आणि एक पुरुष. येत्या रविवारच्या वंदनेनंतर हा विषय मांडा. कोणीतरी बोलायला सुरुवात केली की आणखी चार जण बोलतात, हा आमचा अनुभव आहे.

जय भीम!