एमलिब करायचंय? फीच्या आधी नोकरी ठरवा

ग्रंथालयशास्त्रात मास्टर्स करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न फीचा असतो. माझ्या मते तो नोकरीचा हवा. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं, तर यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार मास्टर्सला ५५ टक्के आणि सहसा नेट किंवा सेट लागते. नुसती पदवी पुरत नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या वाचनालयांत मन रमेल, पण अनुदानावरच्या वाचनालयांतला पगार तुटपुंजा.

लालबाग-परळच्या मुलींना चर्चगेटचं एसएनडीटी सोयीचं; मुंबई विद्यापीठाचा विभाग कलिन्यात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नू आहेच. मात्र ‘कोहा’सारख्या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर स्वतः किती तास बसायला मिळेल, हे प्रवेशाआधी विचारा. शक्यतो आधीच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनाच.