महिन्याची बैठक आणि सप्टेंबरचा सत्कार

गावातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा वॉर्डातल्या महापालिकेच्या शाळेत गेल्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली का? तिथे कोणता विषय निघाला, कोण बोलले, काय ठरले? आपल्यापैकी फार थोड्यांना याचे उत्तर देता येईल. शिक्षक दिनाला कोणाच्या खांद्यावर शाल पडली, हे मात्र चौकातल्या फ्लेक्समुळे सर्वांना ठाऊक असते. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या शाळेची बैठक खोटी, तिचा सत्कारही पोकळच. वर्षभर ज्यांनी शाळेकडे पाहिले नाही, त्यांना गौरव कोणाचा करायचा हे कळणार तरी कसे? ज्यांची मुले या शाळांत शिकतात त्यांच्यापुढे, आणि ज्यांची शिकत नाहीत त्यांच्याही पुढे, हे मुद्दे ठेवतो.

1. ही बैठक पालकांचा कायदेशीर हक्क आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 21 ने प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती बंधनकारक केली. तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या जागांवर स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. अध्यक्ष पालकांमधला, सचिव मुख्याध्यापक. महिन्यातून किमान एकदा बसायचे, इतिवृत्त लिहायचे आणि ते लोकांना पाहायला खुले ठेवायचे. शेतमजूर बाई गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या कागदावर आपले मत नोंदवू शकते, अशी दुसरी जागा आपल्या व्यवस्थेत कुठे आहे? तेव्हा बैठक घेणे ही मुख्याध्यापकांची मेहरबानी नाही, आणि बैठक न घेणे हा किरकोळ आळस नाही. तो हक्क बुडवणे आहे.

2. ही बैठक मरते कशी, ते गावोगावच्या पालकांना माहीत आहे. इतिवृत्ताची वही एखाद्या मुलाच्या किंवा शिपायाच्या हाती घरोघर फिरते. ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. वर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. कधी वर काहीच लिहिलेले नसते, मजकूर मागाहून भरला जातो. सदस्य म्हणून नाव बाईचे असते आणि सही करायला नवरा पुढे येतो. बैठक खरोखर भरलीच, तर सकाळी अकराला. त्या वेळी रोजंदारीवरच्या माणसाने काय करायचे? बैठकीला यायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. बीडसारख्या जिल्ह्यात तर दिवाळीच्या आसपास निम्मे गाव ऊसतोडीला निघून जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवायचे ते याच समितीमार्फत. म्हणजे समितीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा तिचे पालक सदस्य कारखान्यांच्या तळांवर असतात. मग गाव सुटण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्येच, खास बैठक घेऊन वसतिगृहाची यादी, स्वयंपाकाची सोय आणि रात्री मुलांजवळ कोण झोपणार हे पक्के करायला नको का? मुख्याध्यापकांवर सगळे खापर फोडणे मला मान्य नाही. दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक वर्गही घेतो, पोषण आहाराचा हिशेबही ठेवतो आणि डझनभर नोंदवह्याही भरतो. पण न वाचता सही करणारा हात आपला आहे. कोऱ्या पानावर केलेली प्रत्येक सही ही आपल्या मुलाच्या वतीने दिलेली खोटी साक्ष आहे.

3. खोट्या बैठकीची पहिली किंमत पैशांत मोजावी लागते. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो, आणि शासनाच्या नियोजनाला व अनुदानाला आधार तोच. समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येनुसार वर्षाला 10,000 पासून 1,00,000 रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान येते. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च व्हावेत, असा दंडक आहे. आपल्या शाळेला किती आले? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? नसेल तर ते 10 टक्के कुठे गेले? मोठ्या शहरातला पालक म्हणेल, एवढ्याशा रकमेची काय चर्चा. पण तीस मुलांच्या शाळेला मिळणाऱ्या दहा हजारांत नळदुरुस्ती, खडू, वीजबिल सगळे भागवायचे असते. जिथे रक्कम छोटी तिथे प्रत्येक रुपयाचा हिशेब मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

4. दुसरी किंमत मुलांच्या सुरक्षिततेची आहे, आणि ती भरून येत नाही. राज्य सरकारने 10 मार्च 2022 च्या निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितले होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघड झाला, लोक रेल्वेरुळांवर उतरले, आणि तेव्हा कुठे राज्यभर विचारणा सुरू झाली: या समित्या आहेत का, की नुसत्या कागदावर आहेत? हा प्रश्न अडीच वर्षे आधी, प्रत्येक शाळेच्या प्रत्येक बैठकीत विचारायचा होता. मुलांना शौचालयापर्यंत कोण नेते, फाटकावर कोण असते, नव्याने घेतलेल्या कंत्राटी माणसाची चौकशी झाली का, हे शाळेच्या बैठकीत विचारले नाही तर ते एक दिवस पोलीस ठाण्यात विचारावे लागते.

5. शहरांतल्या वाचकांनी हा खेड्यांचा प्रश्न समजू नये. 2013 मध्ये राज्याने महापालिका आणि नगरपालिकांची शिक्षण मंडळे मोडीत काढली आणि शाळा थेट प्रशासनाच्या हाती दिल्या. त्या मंडळांच्या कारभारात दोष होते, साहित्य खरेदीच्या तक्रारीही होत्या. त्यांची बाजू घ्यायला मी उभा नाही. पण मंडळ गेले आणि त्याच्याबरोबर नागरिकाने जाऊन प्रश्न विचारायची एक जागाही गेली. पुढे 2022 च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि काही वर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या काळात महापालिका शाळेतल्या पालकाने दाद मागायची कोणाकडे? नगरसेवक नाही, मंडळ नाही, उरली फक्त शाळेतली समिती. अनुदानित शाळांत तर 2012 च्या दुरुस्तीनंतर तिचे काम सल्ल्यापुरतेच राहिले. सल्ला तर सल्ला, पण तो लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात उत्तर मागा. एवढेही न करणाऱ्या शहराला आपल्या शाळा बंद पडताना तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही.

6. आता सत्काराकडे वळू. चांगल्या शिक्षकाचा गौरव झालाच पाहिजे आणि तो मनापासून झाला पाहिजे, याबद्दल दुमत नको. पण आज तो होतो कसा? शासकीय पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच प्रस्ताव सादर करायचा, उपक्रमांची छायाचित्रे, कात्रणे, प्रमाणपत्रे जोडायची. राष्ट्रीय पुरस्कारासाठीही 2018 पासून शिक्षक स्वतःच अर्ज करतात. वशिल्याला आळा बसावा म्हणून ही पद्धत आली असेल, आणि पुरस्कार मिळालेले कितीतरी शिक्षक त्याला सर्वार्थाने पात्र आहेत. तरीही विचारतो, धडगाव किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्यावर मुलांची बोली शिकून तिच्यातून त्यांना मराठीकडे आणणारी बाई फाइल कधी तयार करणार? तिचे काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्या पालकांना निवडीच्या कोणत्या टप्प्यावर विचारले जाते? 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शाल देऊन सत्कार झाला. त्याच वर्षी त्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा जाहीरपणे, लोकांच्या गर्दीसमोर झाली होती. मुली काय शिकल्या हे शहराने आधी पाहिले, शाल नंतर आली. राज्याचा शिक्षक पुरस्कार आज सावित्रीबाईंच्या नावाने दिला जातो. त्या नावाचा पुरस्कार ज्याचा त्यानेच मागायचा, ही रीत बदलली पाहिजे.

7. आणि ‘शाळेचे कर्मचारी’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त शिक्षकच का येतात? पोषण आहार शिजवणाऱ्या ताई सकाळी तांदूळ निवडण्यापासून दुपारी भांडी घासेपर्यंत शाळेत राबतात. केंद्राने 2009 मध्ये त्यांचे मानधन महिन्याला 1,000 रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. त्यात राज्याने आपली भर घातली, तरी ही रक्कम कोणत्याही किमान वेतनाच्या जवळपास जात नाही. खासगी अनुदानित शाळांतली शिपायांची पदे रिकामी झाली की पुन्हा न भरता त्याऐवजी ठरावीक भत्ता द्यायचा, असा निर्णय 2020 च्या डिसेंबरमध्ये झाला. घंटा देणारा, कुलूप उघडणारा, कोणते मूल उपाशी आले आहे आणि कोणते घाबरलेले आहे हे सर्वांत आधी ओळखणारा माणूस आता भत्त्याच्या एका ओळीत उरला आहे. 5 सप्टेंबरला व्यासपीठावर यांची खुर्ची असते का? ज्या कार्यक्रमाचे जेवण ज्यांनी रांधले त्यांचेच नाव पुकारले जात नाही, तो शाळेचा गौरव सोहळा म्हणवून घेण्यास पात्र नाही.

8. सत्कार हा देण्याचा पर्याय होऊ शकत नाही. कायद्याच्या कलम 26 प्रमाणे शिक्षकांची रिक्त पदे मंजूर संख्येच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नयेत. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात माहिती भरणे, ॲपवर फोटो चढवणे आणि अहवाल पाठवणे यांत त्याचा दिवस जातो. शिक्षणसेवक योजना 2000 मध्ये आली; प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिन्याला 6,000 रुपये मिळत होते, मग ते 16,000 झाले. पदवी आणि पदविका घेऊन, परीक्षा देऊन आलेला तरुण तीन वर्षे त्या पैशांत परजिल्ह्यात भाड्याने राहत होता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाचा अपुरा पगार हा शिक्षणाचा दर्जा खालावण्याशी जोडून मांडला होता. इतक्या वर्षांनंतरही त्याच वादासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागते. शाळा समितीने रिक्त पदाचा ठराव करून तो दरमहा वर पाठवला, तर तो शिक्षकाचा खरा सन्मान होईल. शाल त्यानंतर द्यावी.

9. मग करायचे काय? बैठकीची सूचना आठवडाभर आधी शाळेच्या फाटकावर, रेशन दुकानात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लागावी. बैठक संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. आधीचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या व्हाव्यात. अनुदानाची आवक-जावक वर्गाच्या फळ्यावर लिहावी. आणि विषयपत्रिकेत पहिला विषय कायमचा असावा: या महिन्यात शाळेतल्या कोणाचे कोणते काम आपण पाहिले? एखाद्या आईने उठून सांगावे की माझी मुलगी जोडाक्षरे वाचू लागली, या बाईंमुळे. कोणी सांगावे की पावसात ओढा चढला तेव्हा शिपाईमामांनी मुलांना घरापर्यंत पोचवले. ते नाव, ते काम आणि ती तारीख इतिवृत्तात नोंदली जावी. वर्षाच्या शेवटी या नोंदींतून समितीने शिफारस करावी, आणि पुरस्कार निवडताना गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ती शिफारस शिक्षकाच्या फाइलच्या आधी वाचावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, निधीची नाही, मंत्र्यांच्या वेळेचीही नाही.

10. वर्षातल्या ग्रामसभांपैकी एक तरी, शक्यतो 15 ऑगस्टची, शाळेच्या अहवालासाठी मागून घ्या. शहरात असाल तर वॉर्ड कार्यालयाला लेखी पत्र द्या. गेल्या बारा महिन्यांची इतिवृत्ते मागा; ती दाखवायला नकार मिळाला तर 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. आपले मूल त्या शाळेत नसले तरी अर्ज करता येतो. आणि मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा पुढच्या बैठकीची तारीख, वार आणि वेळ विचारून घ्या, आणि त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या दोन पालकांना बरोबर घेऊन जा.