मागणी नसलेले काम

विंडोजच्या संगणकावर मराठी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेखालून ‘मंगल’ हा फॉन्ट गेला आहे. तो घडवणारे र. कृ. जोशी मात्र डिझाइनच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत. जोशी ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते. पुढे त्यांनी आयआयटी मुंबईत शिकवले, कविता लिहिल्या आणि भारतीय लिप्यांचे फॉन्ट केले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही अमेरिकेत व्याख्यानासाठी गेलेले असताना. सत्तरी ओलांडल्यावरही या माणसाचा अक्षरातला रस आटला नव्हता.

आज पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत तिशीच्या आतच हा रस आटताना दिसतो. ‘लोगो जरा मोठा करा’, ‘रंग थोडा उठावदार हवा’, ‘दिवाळीची पोस्ट संध्याकाळपर्यंत द्या’ अशा निरोपांत दिवस संपतो. पाचव्या करेक्शननंतर पहिलेच डिझाइन मंजूर होते. मग उत्साह परत यावा म्हणून नवे सॉफ्टवेअर शिकले जाते, दुसऱ्यांची कामे तासन् तास पाहिली जातात. सॉफ्टवेअर शिकायलाच हवे. पण त्याने हात वेगवान होतो, नजर तयार होत नाही.

नजर तयार होते ती कोणी मागितलेले नाही अशा कामातून.

अच्युत पालव यांचे उदाहरण घ्या. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यावर ‘उल्का’च्या शिष्यवृत्तीवर त्यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोणता ग्राहक मोडीतले काम मागणार होता? तरीही मोडीची ती वळणे पुढे त्यांच्या सुलेखनाची ओळख बनली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. डी. उदय कुमार आयआयटी मुंबईत तमिळ अक्षररचनेवर पीएचडीचे संशोधन करत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे त्यांचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंजूर झाले, तेव्हा त्यामागे अक्षराकडे बारकाईने पाहण्याची कित्येक वर्षांची सवय होती.

मराठी डिझायनरला असा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. शिरोरेषेची जाडी, रफाराची जागा, वेलांटीचा झोक, जोडाक्षरांची दाटी यांतल्या एकेका प्रश्नावर वर्ष घालवता येईल. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शासनाने ठरवून दिला असतानाही फलकांवर हिंदी वळणाची अक्षरे सर्रास दिसतात. ती का येतात, कोणत्या फॉन्टमधून येतात, हे शोधणारा डिझायनर पुढच्या कामात नुसता मजकूर ‘बसवणार’ नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. लॅटिनसोबत अनेक भारतीय लिप्यांत एकच स्वभाव कसा राखला आहे, हे पाहण्यासाठी ‘बलू’ उघडून बसावे. कोणत्याही महागड्या कोर्सइतकेच त्यातून शिकायला मिळेल.

घरभाडे आणि हप्ते भरणाऱ्या तरुणाने हे रात्री जागून करावे, असे सांगणे मात्र अन्यायाचे ठरेल. जोशींच्या पिढीला प्रयोगाला वाव देणाऱ्या संस्था भेटल्या. पालवांच्या मोडीमागे एका जाहिरातसंस्थेचे पैसे होते. म्हणून ही जबाबदारी स्टुडिओ चालवणाऱ्यांवरही आहे. आठवड्यातली एक दुपार त्यांनी आपल्या डिझायनरना ग्राहकाविना काम करण्यासाठी मोकळी द्यावी आणि महिन्याच्या शेवटी ते काम स्टुडिओच्या भिंतीवर लावावे. सुरुवात येत्या दिवाळीच्या कामांची गर्दी उसळण्याआधी करावी.